जुन्या मोटरहोमचं अंतरंग नव्यानं बांधताना: आधी पाणी, मग लाकूड, रंग सगळ्यात शेवटी

अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं वापरलेलं मोटरहोम विकत घेणाऱ्यांच्या हाती बहुधा 'क्लास सी' प्रकारची गाडी येते. फोर्डची ई-३५० किंवा ई-४५० चासी, चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला झोपायचा माळा, मागे स्वयंपाकघर, न्हाणीघर, जेवायचं टेबल आणि पलंग. लांबी २२ ते ३१ फूट. आतून ती हमखास कळकट दिसते. तपकिरी कपाटं, फुलाफुलांचा वॉलपेपर, दबलेल्या गाद्या, पायाखाली मळकं कार्पेट. घेणाऱ्याचा पहिला विचार रंगाचा असतो आणि इंटरनेटवरचे व्हिडिओही रंगापासूनच सुरू होतात.

ते चूक आहे. या गाड्यांची भिंत म्हणजे दीड इंच जाडीचा लाकडी सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरग्लास, आतून जेमतेम ३ मिलिमीटरचा प्लाय. छतावरच्या एखाद्या फटीतून पाणी शिरलं की ते भिंतीच्या आतून खाली उतरतं, सांगाडा कुजवतं आणि आतला वॉलपेपर मात्र पुष्कळ दिवस धडधाकट दिसत राहतो. त्यामुळे जुन्या मोटरहोमचं काम म्हणजे मुख्यतः ओलीशी झगडा. खाली सांगितलेला क्रम बदलू नका. क्रम बदलला की केलेलं काम पुन्हा उखडावं लागतं.

ओल कुठे आहे ते आधी शोधा

दोन सुया असलेलं ओल मोजायचं यंत्र, म्हणजे मॉइश्चर मीटर, हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात तीस-चाळीस डॉलरला मिळतं. हे घेतल्याशिवाय गाडी विकत घ्यायलासुद्धा जाऊ नये. मोठा पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी मोजलं तर खरं चित्र दिसतं. गाडीचा आराखडा कागदावर काढा, दर फुटावर सुया टोचा आणि आकडा लिहा. सुयांची भोकं दिसू नयेत म्हणून कपाटाच्या आत, पट्टीच्या कडेला, खिडकीच्या चौकटीलगत टोचावं. १५ टक्क्यांच्या आत असेल तर लाकूड कोरडं समजा. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवण्याची जागा. २० च्या वर असेल तर आतलं पॅनेल उघडावंच लागेल.

सगळ्यात वाईट जागा जवळपास ठरलेल्या असतात. माळ्याच्या पुढच्या कपाळावर पाच छोटे दिवे असतात. त्यांच्यामागचं पॅकिंग वाळून तडकतं आणि पाणी आत जातं. हे पाणी माळ्याच्या पुढच्या खालच्या कडेला साचतं, कारण त्याला निचऱ्याला वाटच नसते. माळ्यावरची गादी उचलून पुढच्या कोपऱ्यांत अंगठ्यानं दाबून पाहा. प्लाय बिस्किटासारखा दबला, तर आतला सांगाडा गेलेला आहे. त्यानंतर पाहायचं ते छतावरच्या १४ बाय १४ इंची व्हेंटच्या चारी बाजू, न्हाणीघरावरचं स्कायलाइट, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या धुराड्याची जागा, खिडक्यांचे खालचे कोपरे, मागच्या भिंतीतले दिवे आणि छत व भिंत जिथे मिळतात ती पट्टी. न्हाणीघराच्या जमिनीवर कमोडच्या भोवती टाच दाबून चालावं.

बाहेरची भिंत गुळगुळीत फायबरग्लासची असेल तर ती लॅमिनेटेड असण्याची शक्यता मोठी, म्हणजे फायबरग्लास, प्लाय, थर्माकोल आणि पुन्हा प्लाय एकत्र चिकटवून दाबलेले. अशा भिंतीवर तळहात फिरवा आणि उजेड तिरपा टाकून पाहा. फुगवटा दिसला, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर थर सुटलेले आहेत. हे घरच्या घरी नीट दुरुस्त होत नाही. फुगवटा हातभर असेल तर किमतीत घासाघीस करा, अर्धी भिंत फुगली असेल तर गाडी सोडून द्या. उलट, पन्हळी ॲल्युमिनियम पत्र्याची गाडी दिसायला जुनाट असली तरी आतून खांब-खांब बदलता येते. या कामासाठी आम्ही नेहमी तीच सुचवतो.

हात घालण्याआधी

गॅसच्या टाकीची झडप बंद करा. १२० व्होल्टची बाहेरची केबल काढून ठेवा, जनरेटर बंद, आणि घरबॅटरीची (आतले दिवे, पंप चालवणाऱ्या बॅटरीची) ऋण तार सोडवून टोकाला टेप गुंडाळा. चासीची बॅटरी वेगळी असते. तिचीही ऋण तार काढा.

उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर असतातच. त्यांच्या लेंड्या झाडूनं झाडायच्या नाहीत आणि व्हॅक्यूमही करायच्या नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम भागात विशेषतः, उंदरांच्या विष्ठेच्या धुळीतून हंटाव्हायरस फुप्फुसात जाऊ शकतो. आधी सगळी दारं-खिडक्या अर्धा तास उघडी टाका. रबरी हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदी रुमालानं टिपून पिशवीत बांधून टाका. भिंतीतल्या फायबरग्लास लोकरीत घरटं असेल तर ती लोकर तशीच ओली करून काढावी. नंतर पाइप आणि तारा जमिनीतून वर येतात त्या प्रत्येक भोकात तांब्याची जाळी कोंबून वर सीलंट भरा. नुसता फोम उंदीर एका रात्रीत कुरतडतात.

१९८० च्या आधीची गाडी असेल तर जमिनीच्या व्हिनाइलमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासणी झाल्याशिवाय तिथे घासकाम करू नका.

गळती बंद करणं

आतलं एकही पॅनेल बसवण्याआधी छत आणि खिडक्या पूर्ण बंद झाल्या पाहिजेत. यात सर्वांत जास्त नुकसान करणारी वस्तू म्हणजे सिलिकॉन. आधीच्या मालकानं प्रत्येक फटीवर सिलिकॉन ओढलेलं असतं. ते रबरी छताला धड चिकटत नाही आणि त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. म्हणून ते खरवडून पूर्ण काढावं लागतं. प्लास्टिकची खरवडणी वापरा, कारण लोखंडी पातं छत फाडतं.

बहुतेक गाड्यांचं छत ईपीडीएम रबराचं असतं. वरून पांढरी पावडर हाताला लागते आणि कापल्यावर खालची बाजू काळी दिसते, ही त्याची खूण. हे रबर पेट्रोलजन्य द्रावणांनी फुगतं. तेव्हा टर्पेंटाइन, थिनर, डांबरी सीलंट यांपैकी काही नको. साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळल्यावर रबिंग अल्कोहोलनं पुसा आणि डायकॉर कंपनीच्यासारखं आपोआप पसरणारं लॅप सीलंट (छताचे सांधे बुजवायचं सीलंट) प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि पट्टीच्या कडेवर सोडा. एका व्हेंटला एक ते दीड नळी लागते. संपूर्ण छताला आठ-दहा नळ्या हाताशी असाव्यात. हवा १० अंश सेल्सियसच्या वर असताना आणि पुढचा दिवस कोरडा असताना हे काम करा. उभ्या कडांवर पसरणारं सीलंट ओघळतं. तिथे त्याच कंपनीचं न ओघळणारं घ्या. रबर फाटलं असेल तर त्यावर ४ इंच रुंद इटर्नाबाँड नावाची चिकटपट्टी रूळ फिरवून दाबून बसवा. ती एकदा टेकली की परत निघत नाही, त्यामुळे आधी पेन्सिलीनं रेघ आखून घ्यावी.

खिडकी आतल्या बाजूच्या चौकटीनं आवळलेली असते. आतले स्क्रू काढले की खिडकी बाहेरच्या बाजूला सुटते, म्हणून बाहेर एक माणूस धरायला हवाच. जुनं पॅकिंग काढून खिडकीच्या कडेखाली १ इंच रुंद, १/८ इंच जाड ब्यूटिल पट्टी (मऊ, चिकट रबराची) लावा, खिडकी परत बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायचे, कारण ब्यूटिल हळूहळू दबतं. बाहेर आलेला चोथा प्लास्टिकच्या पात्यानं कापा. चौकटीच्या तळाशी पाणी निघायला बारीक खाचा असतात. त्या खाचांवर सीलंट ओढून पाणी आत कोंडणं ही या कामातली फार नेहमीची चूक आहे.

मग होजपाइपनं खालून वर अशा क्रमानं प्रत्येक जागी पाच मिनिटं पाणी सोडा. खालून सुरू केलं तरच नेमकं कुठून शिरतंय ते कळतं. आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला असावा.

उघडणं आणि वाळवणं

मीटरनं दाखवलेल्या जागेपासून सुरुवात करून, सांधे झाकणाऱ्या पट्ट्या काढत, पॅनेल सोलत जा. कोरडं लाकूड लागल्यावरही पुढे सहा इंच उघडावं. पॅनेल शक्यतो अखंड काढा. कितीही कुजलेलं असलं तरी नवीन कापायला तोच साचा असतो. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि फोटोत मोजपट्टी ठेवा. नंतर भिंत बंद झाल्यावर खांब आणि तारा कुठे आहेत हे त्या फोटोंवरूनच कळणार.

कपाटांबाबत जपा. कारखान्यात पुष्कळदा कपाटं आधी उभी करतात आणि त्यांचे स्क्रू भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं मारून मग पत्रा चढवतात. कपाट हलत नसेल तर ओढाताण करू नका. पॅनेल कपाटाच्या कडेलगत ऑसिलेटिंग करवतीनं कापून घ्या. शिवाय वरची कपाटं काही गाड्यांत छत आणि भिंत बांधून ठेवायला मदत करतात. ओळीनं सगळी एकदम उतरवली तर छत मध्ये झुकतं. उतरवायचीच असतील तर २ बाय ४ चा तात्पुरता टेकू द्या.

ओली लोकर पिशवीत भरा. मग खिडक्या लावून डिह्युमिडिफायर चालू ठेवा आणि उघड्या खांबांवरून वारा जाईल असा पंखा लावा. एक ते तीन आठवडे लागतात. सगळ्या खांबांवर आकडा १५ च्या खाली येईपर्यंत पुढचं काम नाही. इथे घाई केली की बुरशी नव्या पॅनेलमागे कोंडली जाते आणि सहा महिन्यांत तोच कोंदट वास परत येतो.

माळ्याचा सांगाडा

सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे. पेचकस लाकडात खुपसून पाहा. पाव इंचाहून जास्त सहज आत गेला तर तो तुकडा बदलायचा. नुसता काळा डाग पडलेलं पण टणक असलेलं लाकूड ठेवता येतं. कुजक्या लाकडात ओतायचं इपॉक्सी भार न घेणाऱ्या छोट्या कोपऱ्यापुरतं ठीक. खांब किंवा आडवं लाकूड पोकळ झालं असेल तर इपॉक्सीवर विसंबू नये.

एका वेळी एकच तुकडा काढा. सगळं एकदम मोकळं केलं तर पत्रा आपला आकार सोडतो आणि मग नवीन चौकट जुन्या वळणात बसत नाही. बाहेरून माळ्याच्या पोटाखाली प्लायची फळी आणि दोन उभे टेकू लावून वजन पेलून धरा. जुने तुकडे दीड बाय दीड इंच असतात. दुकानात तेच '२ बाय २' या नावानं मिळतं, पण ते वाकडंतिकडं असतं. त्यापेक्षा भट्टीत वाळवलेल्या, सरळ रेषांच्या २ बाय ४ मधून टेबल करवतीवर काढून घेतलेलं चांगलं. प्रेशर ट्रीटेड लाकूड वापरायचा मोह होईल, पण वापरू नका. त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे ॲल्युमिनियमचा पत्रा आतून गंजून भोकं पडतात. साध्या लाकडाला बोरेटचं द्रावण दोन हात मारा. बुरशी आणि वाळवी दोन्ही थांबतात आणि पत्र्याला त्रास होत नाही. बोरेट पाण्यात विरघळतं, म्हणून गळती आधी बंद झालेली असली पाहिजे.

नवीन तुकडा पॉलियुरेथेन बांधकाम-गोंद आणि तिरप्या स्क्रूंनी जोडा. पत्र्याला टेकणाऱ्या बाजूलाही गोंदाची सलग रेघ ओढा आणि बाहेरून पट्टी लावून २४ तास दाबून ठेवा. खिळे नकोत, गाडी रस्त्यावर हादरते तसे ते सुटत येतात. माळ्याच्या मजल्यावर मूळचा प्लाय बहुधा पातळ असतो. तिथे अर्धा इंची प्लाय टाका, सगळ्या कडांना रंग किंवा सीलर लावून.

त्या कपाळावरच्या पाच दिव्यांखाली नवं ब्यूटिल लावा आणि वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडांना सीलंट. खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे कधी पाणी शिरलंच तर बाहेर पडेल. माळ्याची पुढची खिडकी नेहमी गळणारी असेल आणि तिचा तुम्हाला उपयोग नसेल, तर ती काढून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवणं हा शहाणपणाचा निर्णय आहे.

भिंत उघडी आहे तोवर

मोटरहोममध्ये दोन वीजव्यवस्था असतात: १२ व्होल्ट डीसी आणि १२० व्होल्ट एसी. दोन्हींत काळ्या आणि पांढऱ्या तारा असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे. १२० मध्ये काळी म्हणजे जिवंत तार. १२ व्होल्टमध्ये पांढरी बहुधा ऋण असते, पण कंपनीगणिक फरक पडतो. रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावून पाहा. जोडण्याआधी प्रत्येक तारेवर कागदी पट्टी चिकटवा. १४ गेज तारेला १५ अँपिअर, १२ ला २० आणि १० ला ३० पेक्षा मोठा फ्यूज कधीही नको. १२० व्होल्टच्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडायचे नसतात. घरातल्या मुख्य पेटीत ते जोडलेले असतात, म्हणून घरची वीजकामं जाणणारा माणूसच इथे चुकतो. तसं जोडलं तर गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावर प्रवाह येऊ शकतो.

दिव्यांमध्ये मोठी बचत आहे. जुना ९२१ क्रमांकाचा बल्ब १८ वॅटच्या आसपास खातो, त्याच जागी बसणारा एलईडी दोन-तीन वॅटमध्ये तेवढाच उजेड देतो. १० ते ३० व्होल्ट सहन करणारे एलईडी घ्या. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज १४ च्या वर जातं आणि स्वस्तातले जळतात.

पाण्याचे पाइप राखाडी रंगाचे असतील आणि गाडी १९९५ च्या आधीची असेल, तर ते पॉलिब्यूटिलिन असण्याची शक्यता आहे. त्याचे सांधे सुटण्यासाठी बदनाम आहेत. भिंत उघडी असताना ते अर्धा इंची पेक्स (लवचीक प्लास्टिकच्या) पाइपनं बदला, दर दोन फुटांवर चिमट्यानं बांधा आणि लाकडातून जातो तिथे घासू नये म्हणून रबरी कडी घाला. गॅसच्या तांब्याच्या नळीला मात्र हात लावू नका. तिच्यात स्क्रू घुसू नये म्हणून लोखंडी संरक्षक पट्टी ठोका आणि काम संपल्यावर परवानाधारक तंत्रज्ञाकडून दाबाची चाचणी करून घ्या. ती प्रणाली ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबावर चालते.

टीव्ही, पंखा, फोल्डिंग टेबल, टॉवेलचा दांडा जिथे येणार तिथे खांबांच्या मध्ये पाऊण इंची प्लायचा तुकडा आताच बसवा. ३ मिलिमीटरच्या पॅनेलवर काहीच टिकत नाही.

लोकर, पॅनेल, रंग

फायबरग्लासची लोकर हादऱ्यांनी खाली बसते आणि ओल धरून ठेवते. तिच्याऐवजी कडक फोमची शीट घ्या. पॉलीआयसो प्रकारचा फोम इंचाला सुमारे आर-६ देतो, एक्सपीएस प्रकारचा आर-५ (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जास्त तितकं चांगलं). खांबांच्या मापापेक्षा १/८ इंच लहान कापा आणि भोवतालची फट कमी फुगणाऱ्या फोमनं भरा. जास्त फुगणारा फोम पत्रा बाहेर ढकलतो, आणि तो फुगवटा नंतर जात नाही.

पॅनेलसाठी मूळ जाडीचा, २.७ मिलिमीटरचा प्लाय मिळाला तर तोच. दुकानात सहज मिळणारी ५ मिलिमीटरची शीट मजबूत असते, पण वजन जवळपास दुप्पट, आणि जुन्या पॅनेलशेजारी पायरी पडते. गोंद आणि १८ गेजच्या पिना पुरतात. भिंतीत सव्वा इंचापेक्षा लांब स्क्रू नको, नाहीतर टोक बाहेरच्या पत्र्यातून डोकावेल.

सांध्यांत घरच्या भिंतीसारखी लांबी (पुट्टी) भरू नका. पहिल्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर तडा जातो. सांध्यावर पट्टी लावा, किंवा रंगवता येणारं लवचीक कॉक (फट बुजवायचं सीलंट) भरा.

जुनी पॅनेलं वॉलपेपरची नसून कागदाचं किंवा व्हिनाइलचं आवरण चिकटवलेला प्लाय असतात. सोलायला गेलात तर प्लायचा वरचा थर सोबत येतो. सुटलेल्या कडा कापून गोंदानं बसवा, तेलकटपणा टीएसपीच्या (ट्रायसोडियम फॉस्फेटच्या) पर्यायी क्लीनरनं काढा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका हात मारा आणि बाँडिंग प्रायमर द्या. निकोटिनचे किंवा पाण्याचे डाग असतील तर लाखेचा प्रायमर. तो वास आणि डाग दोन्ही अडवतो. पण लाखेच्या प्रायमरमध्ये अल्कोहोल असतं आणि वाफ पेट घेते. फ्रिज, गीझर आणि गाडी गरम ठेवणारी भट्टी यांच्या गॅसच्या ज्योती बंद आहेत ना, हे पुन्हा बघा. वर रंगाचे दोन पातळ हात, पहिला २४ तास वाळल्यावर दुसरा. नखानं खरवडून रंग निघत असेल तर प्रायमर चिकटलेला नाही. वर तिसरा हात देऊन ते झाकलं जात नाही.

जमीन

कार्पेट उचलल्यावर शेकडो पिना निघतात. गुडघ्यांखाली पॅड, हातात चपटी पक्कड, इलाज नाही. पिना ठोकून आत घालू नका, गंजून नव्या व्हिनाइलवर डाग येतो. कुजलेली जागा चौकोनी कापा, कापाची कड खालच्या आधारावर आणा. आधार नसेल तर तो आधी बसवा. करवतीचं पातं जमिनीच्या जाडीइतकंच खोल ठेवा, कारण खाली पाइप, तारा आणि टाक्या आहेत.

लोकप्रिय निवड म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या व्हिनाइल फळ्या. १०० चौरस फुटांना त्यांचं वजन १५० ते २०० पौंड होतं. शिवाय हिवाळ्यात उणे २० अंश आणि उन्हात बंद गाडीत ५० अंश या तफावतीत त्या आक्रसतात आणि फुगतात. कडेला पाव इंच फट ठेवावी लागते आणि कपाटाखाली दाबता येत नाहीत. फायबरग्लासच्या पाठीची सलग व्हिनाइल शीट याहून पुष्कळ चांगली. वजन साधारण तिसरा हिस्सा, सांधा नाही, पाणी खाली जात नाही. ती फक्त कडेनं चिकटवतात. बाहेर सरकणारी खोली असेल तर तिच्या रोलरखाली किती जागा आहे ते आधी मोजा. जमिनीची जाडी पाव इंचानं वाढली तरी नवी शीट फाटते.

कपाटं, गाद्या

दारांचा पार्टिकल बोर्ड बिजागरीपाशी भुसभुशीत झालेला असतो. लांब स्क्रू मारून उपयोग नाही. ३/८ इंचाचं भोक पाडा, लाकडी गोंद लावून त्यात कठीण लाकडाची खुंटी ठोका, वाळल्यावर कडेशी कापा, बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू परत घाला. घरच्या चुंबकी कड्या इथे चालत नाहीत. वळणावर दार उघडतं आणि डबे अंगावर येतात. दाबून अडकणाऱ्या कड्याच घ्या.

बसायच्या जागेसाठी घनफुटाला अडीच पौंड किंवा अधिक घनतेचा, ४ ते ५ इंच जाडीचा एचआर (जास्त लवचीक) फोम घ्या. अभ्र्यापेक्षा फोम सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठा कापला की कापड ताठ बसतं. कापड निवडताना अमेरिकेचा फेडरल वाहन-सुरक्षा नियम ३०२ पाळणारं मागा. तो वाहनाच्या आतल्या साहित्याला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगानं जळू देत नाही. सीटबेल्टचे पट्टे असलेली आसनं हलवू नका. त्यांचे बोल्ट जमिनीतून खालच्या लोखंडी सांगाड्याला गेलेले असतात, आणि प्लायला बांधलेला पट्टा अपघातात काहीच धरत नाही.

स्वयंपाकघर

मराठी घरांत हे वेगळं लक्ष मागतं. शेगडीवरचा मूळचा हूड (धूर ओढणारा पंखा) पुष्कळदा हवा गाळून परत आतच सोडतो. रोज फोडणी होणार असेल तर तेलाचा धूर छताच्या पांढऱ्या पॅनेलवर आणि कापडी पडद्यांवर बसणार आणि त्यावर धूळ धरणार. बाहेर हवा टाकणारा १२ व्होल्टचा हूड बसवा, भिंतीतून डक्ट काढा. शेगडीमागे स्टेनलेसचा पत्रा लावा. छताला सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस रंग द्या, म्हणजे पुसता येईल. कुकरची वाफसुद्धा थंडीत खिडकीच्या चौकटीवर पाणी होऊन भिंतीत उतरते. तेव्हा शिट्टी होताना छतावरचा पंखा चालू हवा.

फ्रिज काढलाच तर मागचा धातू पाहा. पिवळी पावडर दिसली, तर त्याची अमोनियाची नळी गळतेय. तो फ्रिज पुन्हा चालू करू नका. परत बसवताना फ्रिजची मागची पोकळी राहत्या भागापासून पूर्ण बंद करा, कारण तिथे ज्योत जळते आणि तिचा धूर आत येता कामा नये. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही डिटेक्टरांच्या मागे तारीख छापलेली असते. मुदत पाच ते सात वर्षांची असते, काही नव्या मॉडेलांची दहा. जुने 'टेस्ट' दाबल्यावर वाजतात, पण ती फक्त भोंग्याची परीक्षा.

पाण्याची टाकी वापरण्याआधी दर १५ गॅलनला पाव कप साधं, सुगंध नसलेलं ब्लीच घाला, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत पंप चालवा, चार तास तसंच ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवून काढा.

शेवटी वजन. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कमाल एकूण वजन आणि प्रत्येक आसाची मर्यादा लिहिलेली असते. पाण्याचा गॅलन ८.३४ पौंडांचा, म्हणजे ३० गॅलनची टाकी २५० पौंड. सगळं सामान, पाणी आणि माणसं भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्या तोलायच्या काट्यावर) जा. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा मोजून चिठ्ठी मिळते. क्लास सी गाड्यांत मागचा आस आधी भरतो, म्हणून कुकर, धान्याचे डबे आणि हत्यारं मागच्या ओव्हरहँगमध्ये (मागच्या चाकांपलीकडे बाहेर आलेल्या भागात) न ठेवता दोन्ही आसांच्या मध्ये, जमिनीलगत ठेवा. चिठ्ठीवरचा आकडा घेऊन टायर कंपनीच्या भार-तक्त्यातून प्रत्येक आसासाठी हवेचा दाब ठरवा.